बाल संरक्षण कक्षात रुजू होताना

जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ता म्हणून निवड झालेल्या उमेदवाराच्या हाती प्रथम पडते ते अकरा महिन्यांच्या कंत्राटी नियुक्तीचे पत्र, आणि त्यात कामाचे स्वरूप बहुधा ‘वरिष्ठांनी वेळोवेळी सोपवलेली कामे पार पाडणे’ एवढ्यावरच उरकलेले असते. माझ्याही पत्रात तेच होते. समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, एका संस्थेत वस्तीपातळीवर केलेले थोडे काम आणि मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यात वाढल्यामुळे असलेली गावांची ओळख, एवढ्या शिदोरीवर मी रुजू झाले. या पदांसाठी अर्ज करणारी मुले-मुली ‘तिथे नेमके करायचे काय असते’ असे अनेकदा विचारतात, म्हणून सुरुवातीच्या काळात मला काय आणि कसे शिकवले गेले ते येथे लिहीत आहे. त्या शिकण्याचा फार मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरत होता: मुलाबद्दल कागदावर काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही.

कक्षाची रचना मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ठरलेली आहे. प्रमुखपदी जिल्हा बाल संरक्षण अधिकारी. त्यांच्या हाताखाली संस्थात्मक (बालगृहातील) आणि बिगरसंस्थात्मक (कुटुंबात राहून होणाऱ्या) काळजीसाठी एकेक संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, बाह्यक्षेत्र कार्यकर्ते, लेखापाल आणि माहिती विश्लेषक. ही सगळी पदे एकाच वेळी भरलेली असतीलच असे नाही, त्यामुळे ‘हे माझ्या पदाचे काम नाही’ असे म्हणण्याची सोय नव्या माणसाला नसते. औपचारिक प्रशिक्षणही रुजू होताच मिळत नाही. निरनिराळ्या जिल्ह्यांतील पुरेसे नवे कर्मचारी जमले की एकत्रित वर्ग लावला जातो. तोवर मला जुन्या फायली वाचायला दिल्या गेल्या. ही वेळ काढण्याची युक्ती असेल असे सुरुवातीला वाटले, पण फायली वाचता वाचता एक गोष्ट डोळ्यांत भरू लागली. वेगवेगळ्या तालुक्यांतील, वेगवेगळ्या वयांच्या मुलांच्या गृहचौकशी अहवालांत तीच ती वाक्ये होती. ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे. वडील व्यसनी आहेत. आई मोलमजुरी करते. तरी बालकास संस्थेत ठेवणे उचित राहील.’ नावे झाकली असती तर कोणता अहवाल कोणत्या मुलाचा, हे ओळखता आले नसते.

प्रशिक्षणाचा वर्ग विभागीय पातळीवर भरला. परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, बाह्यक्षेत्र कार्यकर्ते आणि काही बालगृहांचे अधीक्षक असे आम्ही सगळे एकाच सभागृहात होतो. कायद्याच्या सत्राची मला धास्ती होती, पण शिकवणाऱ्या वकीलबाई स्वतः पूर्वी बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांना कुठे ठेवायचे याचा आदेश देणाऱ्या जिल्ह्यातील समितीच्या, सदस्य राहिलेल्या असल्याने त्यांनी कलमे पाठ करायला लावली नाहीत. १९२४ चा मुंबई बालक अधिनियम, मग १९८६, २००० आणि २०१५ चे बाल न्याय कायदे हा प्रवास त्यांनी झटपट सांगितला आणि आजचा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्याचे सांगून त्या थेट मुदतींकडे वळल्या. काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक सापडल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत समितीसमोर हजर करायचे. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यासमोर. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करायची, म्हणजे समितीला मूल प्रथम हजर झाल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश देता येईल. ‘तुमचा अहवाल आठ दिवस उशिरा आला तर फाइलला काही होत नाही, पण मूल ते आठ दिवस अनोळखी खोलीत काढते,’ असे त्या म्हणाल्या तेव्हा मागच्या रांगेतील कुजबुज थांबली. कलम ३ मधील १६ तत्त्वांपैकी त्यांनी एकच फळ्यावर लिहून ठेवले आणि शेवटपर्यंत पुसू दिले नाही: संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे.

वयनिश्चितीवर मात्र त्यांनी बराच वेळ दिला, आणि आमच्या जिल्ह्यासाठी तो सत्कारणी लागला असे मला वाटते. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडील जन्माचा दाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, असा क्रम आहे. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर साखर कारखान्यावर जाणाऱ्या मुलांची शाळा दोन-तीनदा बदललेली असते आणि नोंदी विस्कटलेल्या असतात. अशा वेळी पहिल्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा काढायचा. आधार कार्डावरची तारीख हाताशी असते म्हणून तिच्यावर विसंबायचे नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले. बालविवाहाच्या प्रकरणात मुलगी सतरा वर्षांची की अठरा, हे अशाच एखाद्या उताऱ्यावर ठरते.

दुसऱ्या दिवशी एका निवृत्त परिविक्षा अधिकाऱ्यांनी अहवाललेखन घेतले. नाव, गाव, शाळा काळ्या शाईने पूर्ण झाकलेला एक जुना अहवाल त्यांनी आम्हा सगळ्यांना वाटला. नऊ वर्षांच्या एका मुलाबद्दल त्यात सुमारे दीड पान मजकूर होता. सरांनी सांगितले, ‘लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींखाली रेघ ओढा. कुणी सांगितलेल्या गोष्टींभोवती चौकट करा आणि सांगणाऱ्याचे नाव किंवा नाते लिहिले आहे का ते बघा. उरलेल्या वाक्यांना हात लावू नका.’ दीड पानात रेघ ओढण्याजोगी वाक्ये दोन निघाली: घर पत्र्याचे आहे आणि घरात वीज आहे. चौकटीत गेलेल्या वाक्यांपैकी एकालाही सांगणारा नव्हता. ‘आई बेजबाबदार आहे’, ‘बालकास घराची ओढ नाही’, ‘शेजाऱ्यांचे मत चांगले नाही’ ही वाक्ये तशीच उरली. सरांनी कुणालाही दोष न देता प्रश्न विचारायला सुरुवात केली. आई बेजबाबदार म्हणजे ती काय करत होती किंवा काय करत नव्हती? ती घरी किती वाजता येते? तोवर मूल कुठे असते? घराची ओढ नाही, हे मूल बोलले की लिहिणाऱ्याला तसे वाटले? शेजारी म्हणजे कोण, आणि त्यांचे या कुटुंबाशी बांधावरून भांडण तर नाही ना? एकेक प्रश्न आला की त्या कागदावरची आई हळूहळू वेगळी दिसू लागली. तिच्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, एवढे तरी स्पष्ट झाले.

मग त्यांनी नमुना २२ समोर ठेवला. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचा सामाजिक तपासणी अहवाल याच नमुन्यात लिहायचा असतो. त्यात कुटुंबातील व्यक्ती, त्यांचे वय, शिक्षण, उत्पन्न, आरोग्य, नातेसंबंध, मुलाच्या सवयी, शाळा, मित्र अशी पुष्कळ रकाने आहेत, आणि नवा माणूस ती भरता भरता मेटाकुटीला येतो. सरांचा सल्ला असा होता की घरी फॉर्म उघडायचाच नाही. साध्या वहीत, तारीख आणि वेळ घालून, त्या त्या माणसाच्या तोंडच्या शब्दांत टिपण करायचे, आणि कार्यालयात परतल्यावर त्याच दिवशी नमुना भरायचा. निष्कर्ष आणि शिफारस शेवटच्या रकान्यात, आणि त्या शिफारशीचा प्रत्येक आधार आधीच्या पानांवर सापडला पाहिजे. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणातील सर्वांत उपयोगी शिकवण हीच होती, आणि ती दोन तासांत आटोपली, तर संगणकावर पोर्टल भरण्याच्या सत्राला अख्खी दुपार गेली. पोर्टल शिकायला हवेच, त्याबद्दल वाद नाही; पण इंटरनेट वारंवार बंद पडत असलेल्या सभागृहात पन्नासेक माणसांनी पडद्यावरच्या चित्रांकडे पाहत बसण्यापेक्षा ते आपापल्या कार्यालयात माहिती विश्लेषकाशेजारी बसून शिकलेले बरे.

मुलांशी बोलण्याचे सत्र एका मनोविकार समाजकार्यकर्त्या मॅडमनी घेतले. जोड्या लावून एकाने स्वतःच्या आयुष्यातील एखादा किरकोळ प्रसंग सांगायचा आणि दुसऱ्याने ‘का’ हा शब्द न वापरता प्रश्न विचारायचे, असा खेळ होता. ऐकायला सोपा वाटतो. माझ्या जोडीदाराने शाळेतून पळून सिनेमाला गेल्याचा प्रसंग सांगायला घेतला आणि माझ्या तोंडावर पहिला प्रश्न आला तो ‘मग घरी का नाही सांगितलंत?’ असाच, तो गिळून ‘मग पुढे काय झालं?’ असे विचारावे लागले. ‘का’ विचारले की मुलाला तो आरोप वाटतो आणि ते उत्तर जुळवू लागते, असे मॅडमचे म्हणणे होते. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर आपण घटनेचा तपशील खोदून काढायचा नाही, हे त्यांनी फार ठासून सांगितले. पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या, कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती मिळताच पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. जबाब नोंदवणे हे गणवेशात नसलेल्या पोलीस अधिकाऱ्याचे आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांचे काम. मुलाला तेच तेच सांगावे लागले तर त्याचे हाल होतात आणि खटलाही कच्चा होतो. जुने सहकारी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच्या त्या जबाबाला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलमावरून अजून ‘एकशे चौसष्टचा’ म्हणतात, जरी १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १८३ मध्ये गेला आहे.

या सत्रात खरा वाद झाला तो गुपिताबद्दल. मूल म्हणते, ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’, आणि समोरचा मोठा माणूस सवयीने ‘नाही सांगणार’ म्हणून जातो. एका अधीक्षकांचे म्हणणे पडले की असे आश्वासन दिल्याशिवाय मूल तोंड उघडणारच नाही. मॅडमनी ते मान्य केले नाही. पाळता येणार नाही असा शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी पोलीस आले, तर त्या मुलाच्या लेखी आपणही फसवणाऱ्यांतलेच एक होतो. मग काय म्हणायचे? पुष्कळ वाक्ये खोडून झाल्यावर फळ्यावर उरले ते असे: ‘तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. तुला जपण्यासाठी ज्यांना सांगावंच लागेल, त्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन.’ ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे आणि आजही जवळपास तसेच वापरते.

गोपनीयतेचे सत्र छोटे होते, पण बोचणारे होते. ‘बालविवाह रोखला’ अशा मथळ्यांची वर्तमानपत्रांतील कात्रणे दाखवून त्यांतून मुलीची ओळख कशी कशी पटते, ते आम्हाला शोधायला सांगितले. नाव बदललेले असते, पण गाव, आईचे काम, वडिलांचे आडनाव आणि मांडवात अधिकाऱ्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलीचे छायाचित्र तसेच असते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ही ओळख उघड करणे गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कामगिरीचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्याचा आपल्याकडचा सोस पाहता हे सत्र केवळ नव्यांसाठी ठेवणे पुरेसे नाही. या लेखातही पुढे येणाऱ्या प्रसंगातील ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

वर्ग संपल्यानंतरचे शिकणे बरोबर फिरण्यातून झाले. काही दिवस मी बाल कल्याण समितीच्या बैठकींना केवळ पाहण्यासाठी बसले. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, त्यामुळे मी मनाने न्यायालय पाहायला गेले होते. प्रत्यक्षात लांबट टेबल, त्याभोवती सारख्या उंचीच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात खेळण्यांची एक पेटी होती. सदस्य अहवाल कसा वाचतात, हे पाहणे मला जास्त मोलाचे वाटले. बहुतेक जण शिफारस आधी वाचत आणि मग ‘हे कशावरून?’ असे विचारत पाने मागे उलटत. उत्तर पानावर नसले की ते आमच्या कार्यकर्त्याला विचारले जाई, आणि तो जे तोंडी सांगे ते पुष्कळदा लिहिलेल्यापेक्षा चांगले असे. ते लिहिले का नव्हते, याचे उत्तर कुणाकडे नसे.

गृहचौकशीसाठी संरक्षण अधिकारी मॅडमबरोबर गेले ते एका ऊसतोड करणाऱ्या कुटुंबाच्या घरी. वडील वारलेले, आई दुसऱ्या नातलगाबरोबर कोयत्यावर कारखान्याला गेलेली, आणि बारा वर्षांची मुलगी आजीजवळ. शाळेतील शिक्षकांनी मुलगी येत नसल्याचे कळवले होते. मॅडमनी जीप जिल्हा परिषदेच्या शाळेजवळच थांबवली. सरकारी गाडी दारात उभी राहिली की गावात चर्चा सुरू होते आणि तिचा त्रास आपण परतल्यावर त्या घराला होतो, हे त्यांनी चालता चालता सांगितले. आधी शाळेत हजेरीपट पाहिला: दिवाळीपर्यंत उपस्थिती जवळपास पूर्ण, त्यानंतर आठवड्यातून एखाददुसरा दिवस. मग अंगणवाडीताईंना बरोबर घेऊन आम्ही घरी गेलो, आजीने पुढे केलेले पाणी घेतले आणि पोत्यावर बसलो.

मॅडमनी शाळेचे नावही काढले नाही. पावसापाण्याचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, ‘आजी, सांजच्याला चूल कोण पेटवतं?’ आजी म्हणाली, ‘मीच पेटविते की बाई, पर डोळ्याला दिसंना झालंय. मग भाकरी हीच टाकती. सकाळची बी हीच.’ गैरहजेरीचे निम्मे कारण त्या एका उत्तरात होते. पुढे रात्री सोबतीला कोण असते, अडीनडीला कोण येते, असे विचारता विचारता मुलीच्या मामाचा विषय निघाला आणि आजीने आवाज खाली आणून सांगितले, ‘मामा म्हणतोय, उजवून टाका. जोडीनं कोयता होईल.’ नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरून मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो, त्यामुळे लग्न झाले की तरुण मुलाची जोडी लागते आणि उचल मिळते. आमच्या भागातील कितीतरी बालविवाहांमागे हा हिशेब असतो. लग्नाच्या वयाआधी लग्न होण्याचा धोका असलेले मूल बाल न्याय कायद्याच्या कलम २(१४) प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक ठरते. शाळागळतीची म्हणून आलेली तक्रार तिथे, पोत्यावर बसल्या बसल्या, बदलली. मॅडमच्या चेहऱ्यावर त्यातले काही दिसले नाही. मुलीशी त्या नंतर अंगणवाडीत, खाऊच्या पाकिटावरची गोष्ट वाचून घेण्याच्या निमित्ताने, वेगळ्या बोलल्या.

परतल्यावर अहवाल मी लिहायचा होता. पाहिलेले, ऐकलेले आणि ऐकवणारा असे तीन रकाने आखून मी टिपणे मांडली, मग नमुना भरला. शिफारशीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. मुलीला लगेच बालगृहात हलवले तर लग्न टळेल, पण आजी एकटी पडेल, शाळा बदलेल आणि आई परतल्यावर मुलीला घरी आणण्यासाठी पुन्हा सगळे चक्र फिरवावे लागेल. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांच्या मुलांची हंगामापुरती सोय, मंजूर होते. तिथे मुलीचे आणि तिच्यामुळे काही अंशी आजीचेही जेवणाचे ओझे कमी होणार होते. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असल्याने त्यांना लेखी कळवणे शक्य होते. वडील नसल्यामुळे बालसंगोपन योजनेचा, म्हणजे मुलाला कुटुंबातच सांभाळण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी आर्थिक मदतीचा, लाभ मिळू शकत होता. हे सारे उपाय मी शिफारशीत क्रमाने लिहिले आणि मुलीचे म्हणणे, ‘मला सातवी करायची हाय’, अवतरणात जसेच्या तसे ठेवले.

समितीपुढे अहवाल गेला तेव्हा अध्यक्षांनी पाने मागे उलटून हजेरीपटाची नोंद आणि आजीचे म्हणणे वाचले, आणि एक गोष्ट विचारली जी आमच्या कागदात नव्हती: मामाशी कुणी बोलले आहे का? मामाला पुढच्या बैठकीला बोलावण्यात आले आणि आईशी कारखान्यावरून फोनवर बोलणे झाले. दोघांकडून अठरा वर्षांआधी मुलीचे लग्न न करण्याचे हमीपत्र घेऊन समितीने तिला आजीजवळच ठेवण्याचा आदेश दिला. दरमहा पाठपुरावा अहवाल सादर करण्याची जबाबदारी माझ्यावर आली. बालसंगोपनाच्या प्रस्तावासाठी वडिलांचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाइड आणि मुलीचे बँक खाते लागणार होते. मृत्यू दाखल्यावरचे आडनाव शाळेतल्या आडनावाशी जुळत नव्हते, आणि ती दुरुस्ती करून घेण्यासाठी मी ग्रामपंचायतीत गेले त्या दिवसापासून त्या तालुक्याच्या फायली माझ्या नावावर चढल्या.